गोदीतली कोठारे अडगळ नव्हेत



मुंबईच्या नौदल गोदीतील जुनी कोठारे ही ‘गोऱ्यांची गोदामे’, ती जपण्यावर खर्च कशाला, असा सूर गेल्या अंकातील पत्रात होता. तो मुळीच पटला नाही. १७३६ साली सुरतेहून आलेले जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया, त्यांचे वंशज आणि इथले सुतार-लोहार यांच्या हातांनी ही गोदी नावारूपाला आली. सागवान, दोरखंड, शिडाचे कापड, डांबर आधी कोठारात यायचे, मगच जहाज आकार घ्यायचे. इथेच मलबारी सागवानात घडलेले, १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे! १८४२ चा ब्रिटन-चीनमधला नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेही इथलेच. मग वारसा परका कसा?

अशी कोठारे जपून उपयोगातही आणता येतात: इंग्लंडात पोर्ट्समथला गोदीच्या अठराव्या शतकातील कोठारांत नौदलाचे संग्रहालय आहे.

आमच्या जालन्याला समुद्र नाही, हे खरे. पण इथला १७२५ चा मस्तगड किल्ला पाहत वाढलेल्या आम्हाला जुन्या भिंतींची किंमत कळते. नौदलाने सुरक्षेचा भाग वगळून एखादे तरी कोठार वर्षातून काही दिवस शाळकरी मुलांसाठी खुले करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जुना जालना