महापालिकेच्या नोंदीत आपली वस्ती आहे का?

पुणे महापालिकेने खुल्या माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. शहरातल्या झाडांची गणनाही झाली. चांगलेच झाले. पण आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच: आपल्या वस्तीत किती घरांत संडास नाही, ड्रेनेज कुठल्या गल्लीपर्यंत आले आणि दलित वस्ती सुधारणेचा पैसा नेमका कुठे खर्च झाला, हे सामान्य माणसाला एका जागी वाचायला कधी मिळणार?

नोंद ही कागदी बाब नाही. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे मान्य केले. पर्यायी जागा द्यायला मात्र सांगितले ते १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. मोजले गेले त्यांना आधार, बाकीच्यांना नोटीस! त्याच वर्षी मुंबईत 'स्पार्क'ने फुटपाथवरच्या हजारो कुटुंबांची गणना केली, ती उगाच नव्हे.

पुण्यात 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था १९९३ पासून काम करते. वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन घराघराची माहिती गोळा करायची, ती नकाशावर मांडायची आणि तोच नकाशा पालिकेपुढे ठेवायचा, ही तिची पद्धत. संडास नसलेले घर आणि जवळचे ड्रेनेज एकाच नकाशावर दिसले, की 'इथे शक्य नाही' म्हणणे अधिकाऱ्याला जड जाते. 'एक घर एक शौचालय' हे काम अशाच माहितीवर उभे राहिले.

एक सावधगिरी हवीच. घरनिहाय नावे आणि जात संकेतस्थळावर टाकणे म्हणजे पाडापाडी करणाऱ्याच्या हातात यादी देणे. खुले व्हावे ते गल्लीचे आकडे आणि खर्च. माणसांची नावे वस्तीकडेच राहावीत.

मार्च २०२२ मध्ये पुणे-मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार बराच काळ प्रशासकाकडे राहिला. त्या काळात प्रश्न विचारायला वस्तीकडे नगरसेवकही नव्हता. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की तरतूद आणि खर्चाचा तपशील कार्यालयाने अर्जाची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करावा. तेव्हा विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी आपल्या गल्ल्या मोजाव्यात, ती यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात जावे आणि कलम ४ खालचा खर्च तिच्याशी ताडून पाहावा. सुरुवात संडास आणि ड्रेनेजपासून करावी.