आधी उघडून तर बघा

"मोटर गेली." जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतल्या एका मराठी घरात गेल्या मंगळवारी हा निकाल लागला, तेव्हा मिक्सर ओट्यावर जसाच्या तसा उभा होता. सेवा केंद्रातून आलेल्या तरुणाने तो आडवा केला नव्हता, तळाचे स्क्रू सोडवले नव्हते. कळ फिरवली, नाक जवळ नेलं, झालं. मोटर बदलायचे 1,850 रुपये, त्यापेक्षा जुना देऊन नवा घ्या, असा सल्ला देऊन आणि भेटीचे 350 रुपये घेऊन तो गेला. भांड्यात लसणाच्या चटणीचं सुकं खोबरं आणि मथानियाची लाल मिरची अर्धवट वाटलेली राहिली.

राग बिलाचा नाही. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, याचा आहे. विचारलं असतं तर घरातल्या काकूंनी सगळं सांगितलं असतं. पंधरा दिवसांपासून मिक्सर चालता चालता थांबायचा, बाजूने थोपटला की पुन्हा सुरू व्हायचा, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी वाटण केलं तर तळाच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसायच्या. एवढ्या लक्षणांवर निदान जवळजवळ होतंच. 

काकांनी मिक्सर पिशवीत घातला आणि परकोट्यात नेला. जुन्या जयपूरला तिथली माणसं परकोटा म्हणतात. किशनपोल बाजाराच्या मागच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत दुरुस्तीचं दुकान आहे. "मिस्त्रीजी, मोटर गेलीय म्हणतात," काका हिंदीत म्हणाले. मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "बाबूजी, बंद होने से पहले क्या कर रहा था?" वैद्य नाडी बघण्याआधी विचारतो, तसा हा प्रश्न होता.

मग त्यांनी सिरीजचा दिवा काढला. एका फळीवर होल्डर, त्यात 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब, आणि वीज यंत्राकडे जाते ती या बल्बमधूनच. बल्ब पेटला तर आतला मार्ग सलग आहे, नाही पेटला तर कुठेतरी तुटला आहे. यंत्रात शॉर्ट असेल तर घरचा फ्यूज उडत नाही, बल्ब तेवढा झगझगीत पेटतो. एक तार पिनला आणि दुसरी यंत्राच्या धातूच्या अंगाला लावल्यावर बल्ब पेटला, तर समजायचं की वीज अंगावर उतरली आहे आणि त्या वस्तूला हात लावणं धोक्याचं आहे. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचा सगळा दवाखाना या फळीवर चालतो. यासाठी एलईडी चालत नाही, कारण तो जराशा गळतीवरही मिणमिणतो आणि खरं-खोटं कळू देत नाही.

मिक्सर लावला, बल्ब पेटला नाही. मिस्त्रींनी तळ उघडला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने एका बाजूचा कार्बन आत दाबला. बल्ब लख्ख पेटला. "मोटर सही है जी, कार्बन घिस गए."

कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर दोन बाजूंनी टेकलेल्या दोन छोट्या कांड्या, पाठीमागे स्प्रिंग असलेल्या. त्यांच्यातून वीज फिरत्या तांब्यापर्यंत पोचते. घासत राहणं हेच त्यांचं काम, म्हणून त्या झिजतात, आणि झिजल्या की बदलायच्याच असतात. आखूड झाल्या की नीट टेकत नाहीत, ठिणग्या उडतात, यंत्र अडखळतं. खरोखर जळलेली मोटर वेगळी दिसते: वाइंडिंगच्या तांब्यावरचं वार्निश काळं पडलेलं असतं आणि जळका वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. इथे तांबं चकचकीत होतं. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरने फिरता भाग पुसला, नवी जोडी बसवली आणि मजुरीसकट 120 रुपये घेतले.

मिक्सरच्या बहुतेक तक्रारी अशाच ऐकून ओळखता येतात. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलरचे दात गेले. मोटर नुसती गुरगुरते आणि भांडं काढल्यावर मोकळी पळते, तर भांड्याचा बुश धरला आहे. भांड्याखाली काळं पाणी दिसलं तर वायसर गेला. अगदी आवाजच नाही, तर तळाचं लाल बटण बघायचं. जादा भार पडला की ते बाहेर येतं. मोटर निवू द्यायची आणि दाबायचं. हे बटण दाबून सुरू झाले असते असे किती मिक्सर आजवर भंगारात गेले असतील, या विचाराने जीव कळवळतो.

जयपूरच्या फ्रिजची तऱ्हा वेगळी. मे-जूनमध्ये आंधी येते, वाळवंटाची बारीक धूळ दारं-खिडक्या बंद असतानाही आत शिरते आणि फ्रिजच्या मागच्या जाळीवर थर धरते. जाळीतून उष्णता बाहेर पडेना, की कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि भाजी मात्र कोमेजते. "गॅस संपला" हे निदान इथे फार चटकन होतं. पिन काढून मऊ ब्रशने जाळी झाडली आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, तर पुष्कळदा तोच गॅस पुरतो.

मात्र सगळंच घरी उघडू नये. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. त्याला माहीतगारानेच हात लावावा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा त्याच बनावटीचा अस्सल हवा. आणि गॅसचा वास आला तर दुरुस्तीचा विचारही न करता रेग्युलेटर बंद करून, दारं-खिडक्या उघडून, बाहेर येऊन 1906 हा गॅसगळतीचा तातडीचा क्रमांक लावावा.

भारतीय मिक्सरचा जन्मच एका न झालेल्या दुरुस्तीतून झाला, हे इथे सांगायलाच हवं. सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा ब्राउनचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, आणि तो दुरुस्त करून देणारं इथे कुणी नव्हतं. माथुरांनी आपल्या मसाल्यांना पुरून उरेल अशी मोटर तयार केली. 1963 साली पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस ही कंपनी निघाली आणि 'सुमीत' घरोघरी गेला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. कितीतरी मराठी घरांत तो आईकडून मुलीकडे आला, कारण तो उघडता येत होता.

सरकारदरबारी हा विषय पोचला आहे. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू झालं, आणि 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले.

पण मिस्त्रींच्या दुकानातून निघालेल्या माणसाला जयपुरात दिल्लीतली समिती आठवत नाही, रामचंद्र शर्मा आठवतात. हा मूर्तिकार-कारागीर सवाई मानसिंह रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवायचा. तिथे पाय गमावलेल्यांना मिळणारे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय वापराविना पडून राहताना त्याने पाहिले. ते पाय घालून मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, अनवाणी देवळात जाता येईना. असं सांगतात, की एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून शर्मा थांबले असताना शेजारी ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललं होतं, आणि तिथे त्यांना रबरी पायाची कल्पना सुचली. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर त्यांनी 1968 च्या सुमारास जयपूर फूट घडवला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गोरगरिबांना मोफत मिळू लागला. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

त्या पायात रबर, लाकूड आणि टायरचा धागा आहे. तो घडवायला गावातला कारागीर पुरतो, आणि झिजला तर नीट करायलाही तोच पुरतो. मनुष्याचा पाय जर असा बनवता आला, तर मिक्सर का नाही? आजची कितीतरी यंत्रं पेचकसाने उघडतच नाहीत, त्यांची दोन कवचं एकमेकांना कायमची जोडलेली असतात. दहा रुपयांचा कपलर बाजारात मिळत नाही आणि अख्खा भाग घ्यावा लागतो. हा रचनेतलाच दोष आहे, आणि कारखान्यात बसून तो सहज टाळता येण्यासारखा आहे.

वाचकांना एवढीच विनंती. घरी आलेल्या माणसाला आधी सगळी लक्षणं सांगा आणि यंत्र तुमच्यासमोर उघडायला लावा. पैसे मोजून भाग बदलला असेल तर जुना भाग मागून घ्या आणि नजरेखालून घाला. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मानसरोवरच्या घरातली चटणी बुधवारी पुरी वाटून झाली.