ठेच नेमकी कोणाला लागते?

मराठी ख्रिस्ती मंडळीत पेहरावाचा वाद निघाला की दोन बाजू हमखास समोरासमोर येतात. एक म्हणते, तारण विश्वासाने मिळते. तेव्हा टिकली लावावी की नाही, मंगळसूत्र घालावे की नाही, जीन्स घालून उपासनेला यावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्याला खटकेल त्याने तिकडे पाहू नये. दुसरी बाजू म्हणते, एका भावाला जरी ठेच लागत असली तरी तरुण मुलींनी मुकाट्याने वडीलधाऱ्यांचे ऐकावे. दोघीही पौलाचा आधार घेतात, आणि दोघीही त्याला अर्ध्यावर सोडतात.

पौलाचा सहकारी तीमथ्य याची आई यहुदी, बाप ग्रीक. परराष्ट्रीयांना सुंतेची गरज नाही असा निर्णय यरुशलेमात झालेला असतानाही, यहुदी वस्त्यांत काम करायचे म्हणून पौलाने त्याची सुंता करवली. दुसरा सहकारी तीत मात्र पूर्ण ग्रीक. त्याची सुंता झालीच पाहिजे असा हट्ट काहींनी धरला, तेव्हा हाच पौल तसूभर हलला नाही. विधी एकच, निर्णय दोन. तीमथ्याच्या वेळी समोरच्यांना शुभवर्तमान ऐकता यावे म्हणून एक अडसर दूर करायचा होता. तीताच्या वेळी शरीरावरच्या खुणेलाच तारणाची अट केले जात होते.

करिंथच्या मंडळीतला वादही नीट वाचायला हवा. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे मांस खाल्ल्याने काही बिघडत नाही, हे जाणत्यांचे म्हणणे पौलाला पटलेले होते. तरीही तो मांस सोडायला तयार झाला. कोणासाठी? कालपर्यंत त्याच मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या, अजून मनाने न सावरलेल्या माणसासाठी. जाणत्यांचे पाहून तो स्वतःच्या मनाविरुद्ध ताटावर बसेल आणि त्याचा विश्वासच मोडेल, ही पौलाची भीती होती. ठेच ती हीच. चाळीस वर्षे मंडळीत मुरलेल्या वडिलांना मुलीचे आखूड केस पाहून राग येतो, तेव्हा त्यांचा विश्वास मोडत नाही. त्यांची नापसंती दुखावते. नापसंतीला ठेचेचा मान द्यायचा नसतो.

हा भेद विसरला तर काय होते, हे एकोणिसाव्या शतकातल्या त्रावणकोरने दाखवले. तिथे नाडर जातीच्या स्त्रियांनी उच्चवर्णीयांसमोर छाती झाकू नये, असा दंडक होता. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मन्रोच्या कारकिर्दीत ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली आणि उच्चवर्णीय दुखावले. पुढे अनेक वर्षे बाजारात या स्त्रियांची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनामंदिरे आणि शाळा जाळल्या गेल्या. १८५९ साली संस्थानाने सर्व नाडर स्त्रियांना परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. ‘दुसऱ्याला वाईट वाटते, म्हणून सोडा’ हा उपदेश त्या स्त्रियांना कोणत्या तोंडाने करता आला असता? दुखावलेला प्रत्येक जण दुर्बळ नसतो. पुष्कळदा तोच बलवान असतो.

आता पहिली बाजू. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याकडे न पाहण्याची सोय, असे मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या मठवासिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्या आग्रहाखातरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. चर्चच्या सत्तेपुढे इतकी ताठ राहिलेली ही बाई १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढते, तेव्हा तिथल्या ब्राह्मण विधवांना त्यांचे सोवळे पाळता यावे, अशी सोय करते. स्वतः त्या या बंधनांतून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. पण केशवपन झालेली, घरातून हाकललेली पोर जेवणाच्या पंक्तीवरूनच परत फिरली, तर तिला शिकवणार कोण? वाँटेजला न वाकलेली मान शारदा सदनात वाकली, कारण तिथे समोर खरोखर दुर्बळ होते.

नारायण वामन टिळकांच्या घरातही तेच घडले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते पाळू दिले. लक्ष्मीबाईंनी ते स्वतःहून टाकले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. सारी हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे.

गोव्यात याच्या उलट झाले. इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायालयाच्या १७३६ च्या हुकूमनाम्याने तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या चोळीवर आणि पुरुषांच्या धोतरावरही बंदी घातली. जणू विश्वास कापडात विणलेला असतो. तिकडे वसईची सामवेदी ख्रिस्ती आजी लाल लुगडे नेसूनच पिढ्यान्‌पिढ्या मिस्साला जात राहिली, आणि तिच्या विश्वासाला त्याने काही कमी पडले नाही.

पेहरावाबद्दल नव्या करारात सर्वांत कडक सुनावतो तो याकोब, आणि त्याचा विषय टिकली किंवा केस नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवून फाटक्या कपड्यातल्या माणसाला पायाशी बसायला सांगणाऱ्या मंडळीला तो दोषी ठरवतो. आज ठेच शोधायची असेल तर ती इथे शोधावी. शेजारच्या लग्नातला थाट पाहून बाप कर्ज काढतो. नाताळला नवी साडी घेता आली नाही म्हणून एखादी बाई उपासनेलाच येत नाही. मंडळीच्या पंचांनी पुढच्या सभेत मुलींच्या कपाळाचा विषय बाजूला ठेवावा आणि लग्नखर्चाला मर्यादा घालणारा ठराव मांडावा. ज्यांना ऐपत आहे, त्यांनी त्यावर पहिली सही करावी.