आधी ब्रेक, मग लाइट!

पाऊस ओसरला की कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोकण ट्रिपचे बेत शिजायला लागतात. कुणाकडे दादाची जुनी करिझ्मा असते. 2003 साली आलेली ही 223 सीसीची गाडी नीट सांभाळली तर आजही लांब पल्ला मारते. पण हातात चार-पाच हजार आले की बहुतेकांची खरेदी ठरलेली: एलईडी लाइट आणि आवाज करणारा सायलेन्सर.

जरा थांबा. आधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या घाटात पकड सोडतं. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला. झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. जादा लाइट लावायचेच, तर रिले आणि फ्यूज टाकून; नाहीतर जुनं वायरिंग वितळू शकतं. गाडीला 15 वर्षं झाली असतील तर आरसी रिन्यू झालीय का, तेही बघा.

यातलं काहीच रीलमध्ये दिसत नाही, मान्य. पण आंबा घाटाच्या वळणावर समोर ट्रक आला की गाडी थांबायला हवी. म्हणून पहिले पैसे ब्रेक-टायरवर, उरले तर मिरवायला.