जन्मठेप, चौदा वर्षे आणि क्षमा

संपादक महोदय,

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात पुन्हा तोच विषय निघाला. एक गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षंच ना? मग त्या हेम्ब्रमला सोडलं त्यात नवल काय?"

ओडिशातील मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप व टिमथी, यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्या प्रकरणातील जन्मठेपेचा कैदी महेंद्र हेम्ब्रम एप्रिल २०२५ मध्ये केओंझर तुरुंगातून सुटला. मुख्य आरोपी दारा सिंगनेही सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपल्या लोकांना वाईट वाटणे साहजिक आहे. पण आधी कायदा नीट समजून घेऊया.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगितले. मग चौदा हा आकडा आला कुठून? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातले गेले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातला जन्मठेपेचा कैदी प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४७५ आहे. गोव्याच्याच एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की पॅरोलवर घरी काढलेले दिवस या चौदा वर्षांत धरायचे नाहीत. म्हणजे चौदा वर्षांनी कैद्याला फक्त दार ठोठावता येते. दार उघडायचे की नाही ते सरकार ठरवते, आणि तेही मनाला येईल तसे नव्हे. हा माणूस पुन्हा गुन्हा करील का, गुन्ह्याचा समाजावर काय परिणाम झाला, त्याला आत ठेवून आता काही साधते का, हे पाहावे लागते.

हे न पाहता दार उघडले की काय होते, ते बिल्किस बानो प्रकरणात दिसले. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने ११ जणांना सोडले. तुरुंगाबाहेर त्यांना हार घातले, पेढे भरवले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, असे सांगून ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि त्यांना परत तुरुंगात धाडले.

हेम्ब्रमने सुमारे २५ वर्षे काढली आणि चांगल्या वर्तनावरून तो सुटला. मला त्या सुटकेचा राग नाही. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि त्या बारिपदात कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. पण त्यांच्या क्षमेने तुरुंगाचे कुलूप उघडले नाही, उघडायलाही नको होते. क्षमा ही ज्याला जखम झाली त्याची, सुटका ही कायद्याची. आपण या दोन्हींची गल्लत करतो. कुणी म्हणतो, "क्षमा केली ना, मग सोडा." कुणी म्हणतो, "सोडलं, म्हणजे आमच्या रक्ताला किंमत नाही." दोन्ही चूकच.

आपण मागायचे ते एवढेच, की माप सगळ्यांना एक असावे. ज्याच्यामागे कोणी पुढारी नाही, ज्याला साधा अर्जही लिहिता येत नाही, अशा कैद्याचे काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, जिथे सुटीचे धोरण आहे तिथे पात्र कैद्याचा विचार सरकारने अर्जाची वाट न बघता करावा. हा निकाल गरिबाच्या कामाचा आहे, पण तो त्याला कोण सांगणार?

शेवटच्या न्यायाच्या वेळी प्रभू आपल्याला विचारणार आहे, मी तुरुंगात होतो तेव्हा तू आलास का? कैदी निर्दोष होता की नाही, हे तो विचारणार नाही. हिंडलगा तुरुंग बेळगावातून काही लांब नाही. तिथे भेटीला जाणाऱ्यांनी प्रार्थनेबरोबर हा निकालही सोबत न्यावा, आणि एखाद्याचा अर्ज लिहून द्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव