फळीचे दुसरे टोक

गेल्या मे महिन्यात आमच्या पडघ्याच्या घरासमोर एक होडी येऊन उभी राहिली. पडघ्याला समुद्र नाही आणि खाडीही नाही. आमच्या गावाजवळून अखंड वाहतो तो फक्त मुंबई-नाशिक महामार्ग. त्यामुळे टेम्पोतून उतरवलेली ती सोळा फुटी होडी पाहायला निम्मी आळी जमली. ‘काय हो, यंदा एवढा पाऊस पडणार आहे का?’ असे एकाने माझ्या वडिलांना विचारलेही.

होडी कशेळीच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या बाबांच्या एका मित्राची. तिच्या पुढच्या भागावरचा फळ्यांचा डेक कुजला होता. बाबा सुतार आहेत. तरुणपणी त्यांनी खाडीकाठी होड्यांचे काम केले होते. आता गुडघ्यांमुळे त्यांना रोज कशेळीपर्यंत जाणे-येणे जमत नाही. ‘मला नेऊ नका, होडीच घेऊन या,’ असे त्यांनी सांगितले आणि होडी खरोखरच आली. माझा भाऊ गोदामात कामाला जातो. माझी परीक्षा संपलेली होती. तेव्हा फळीचे एक टोक बाबांच्या हातात आणि दुसरे माझ्या हातात, असे आमचे बावीस दिवस गेले. त्या बावीस दिवसांत माझे एक मत तयार झाले. ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेख.

आधी काम काय होते ते सांगते. डेक म्हणजे चार फळ्या ठोकायच्या, अशी माझी समजूत होती. बाबा म्हणाले, ‘वरून जमीन आणि खालून छप्पर, दोन्ही एकदम साधलं तर त्याला डेक म्हणायचं.’ वर माणसाने निर्धास्त उभे राहायचे आणि खाली जाळे, डबा, कपडे कोरडे राहायचे. म्हणून डेक सपाट नसतो. मधे किंचित उंच, कडांना उतरता. बाबांचा हिशेब असा की, रुंदीच्या दर फुटाला पाव इंच उंची. आमची होडी पाच फूट रुंद, म्हणजे मधे सव्वा इंच. त्यासाठी त्यांनी एका प्लायवर तीन खिळे मारले, दोन टोकांना व एक मधे सव्वा इंच वर. त्यांवरून एक लवचिक लाकडी पट्टी वाकवली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. झाला साचा! खालचे आडवे वासे पाच, प्रत्येकाची लांबी निराळी. मला वाटले, साचेही पाच लागतील. पण आखूड वासा म्हणजे त्याच वक्राचा मधला तुकडा, त्यामुळे सगळ्यांना एकच साचा पुरतो. भूमिती मी शाळेत तीन वर्षे शिकले होते. तिचा असा उपयोग मला पहिल्यांदाच दिसला.

लाकूड एका जुन्या वाड्याच्या मोडीतले सागवान होते. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे ते सहजी कुजत नाही आणि किडीलाही दाद देत नाही. प्रत्येक फळीचे टोक पाहून बाबा निवड करीत. टोकाला ज्या रेषा दिसतात त्या उभ्या असतील तर फळी डेकसाठी, आडव्या असतील तर दुसऱ्या कामाला. लाकूड ओलाव्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते. पण त्या रेषांच्या दिशेने ते जितके हलते, तितके त्यांना आडव्या दिशेने हलत नाही. सागात हा फरक जवळजवळ दुपटीचा आहे. उभ्या रेषांची फळी रुंदीला कमी हलते, म्हणून सांधे टिकतात. फळ्यांच्या कडा अशा तासायच्या की खाली त्या एकमेकींना चिकटतील आणि वर बारीक फट राहील. त्या फटीत तेलात भिजवलेली कापसाची वात छिन्नीने ठोकून बसवायची आणि वरून सांधा भरून घ्यायचा. वात फार सैल बसली तर पाणी येते, फार घट्ट बसली तर फळी फुगल्यावर तिला जागाच उरत नाही. हे ‘किती’ कोणत्याही पुस्तकातून कळत नाही, ते हातोडीच्या आवाजावरून कळते. पोकळ आवाज घट्ट होत गेला की थांबायचे.

शेवटचे काम तेल देण्याचे. मी हौसेने म्हटले, ‘बाबा, चकचकीत व्हार्निश मारू या.’ ते हसले. ओल्या डेकवर व्हार्निश म्हणजे घसरगुंडी! शिवाय उन्हाने त्याला तडे जातात आणि तड्यातून आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. म्हणून बेलतेलाचे पातळ हात. तेही फळ्या बसवण्याआधी खालच्या बाजूला आणि टोकांना आधी, कारण कुजणे बहुधा खालून व टोकातूनच सुरू होते. मी समजत होते की खारे पाणी लाकूड खाते. ते उलटे निघाले. खारे पाणी लाकडाला बरेचसे जपते, कुजवते ते साचलेले पावसाचे गोडे पाणी. तेलाने भिजलेल्या चिंध्या बाबा चुरगळून कोपऱ्यात टाकू देत नसत. एकेक चिंधी तारेवर पसरायला लावत, कारण ढिगात पडलेल्या चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात.

वाचकहो, हा सगळा तपशील मी मुद्दाम दिला. यात भूमिती आहे, वनस्पतिशास्त्र आहे, रसायनशास्त्रही आहे. पण हे जाणणारा माणूस चौथी शिकलेला आहे आणि आपल्या समाजात त्याला ‘अशिक्षित’ म्हणतात. माझे वडील मापे फळीवरच पेन्सिलीने लिहितात. आकडे त्यांचे, खुणा त्यांच्याच. काम संपत आले की ते त्याच फळीवर रंधा मारतात आणि सारे लिहिलेले भुशाबरोबर खाली पडते. एका दुपारी तो भुसा झाडताना माझ्या मनात आले की, चाळीस वर्षांचे लेखन असेच झाडून टाकले गेले असेल. झाडणाऱ्या आम्हीच.

माझे मत हे आहे की, हाताच्या कामातील ज्ञान नष्ट होते ते केवळ यंत्रांमुळे नव्हे. ते नष्ट होते कारण ज्याला येते तो लिहीत नाही आणि जो लिहितो त्याला ते लिहिण्याजोगे वाटत नाही.

आपल्याच तालुक्याचे उदाहरण घ्या. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर लवकरच या खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. त्या कामावरच्या रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाचे नाव पोर्तुगीज कागदपत्रांमुळे आपल्यापर्यंत आले. वसईकर पोर्तुगीजांनी त्याला व त्याच्या माणसांना तेथून काढून नेले, पण आरमार वाढतच गेले. म्हणजे वाकस आणि पटाशी चालवणारे इथलेच हात मागे उरले असणार. त्यांपैकी एकाचेही नाव आपण परीक्षेत लिहीत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी किती काळजी आहे! रयतेचे आंबे, फणस जबरीने तोडू नयेत, झाड जुने झाले असेल तर मालकाला राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. झाडाची नोंद झाली. ते झाड कापून फळी करणाऱ्याची झाली नाही.

याच्या उलट उदाहरणही जवळचेच आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. तेही सुतारकाम करणारेच होते. त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची मोठमोठी जहाजे बांधली. १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते आणखी पुढचे. याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडला गेले आणि तिथल्या मुक्कामाचा वृत्तान्त त्यांनी १८४१ मध्ये पुस्तकरूपाने छापला. रंधा धरणाऱ्या घरातील मुलांनी लेखणीही धरली. वाडियांचे नाव राहिले त्यात जहाजांइतकाच कागदाचाही वाटा आहे.

आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचे काय होते, तेही आपण नुकतेच पाहिले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात एक जहाज रंगवलेले आहे. त्याच्या आधाराने पाचव्या शतकातल्यासारखे, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले, डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. मोठी अभिमानाची गोष्ट! पण चित्रात फळीची जाडी नसते आणि टाक्यातले अंतरही नसते. जुने नकाशे नव्हते. केरळातील बाबू शंकरन या कारागिराच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातांत ती शिवणकला अजून जिवंत होती म्हणून ते जहाज उभे राहिले. हे हात तोवर टिकले नसते तर? आपण भिंतीवरचे चित्र पाहून नुसता उसासा टाकला असता.

माझ्या एका वर्गमैत्रिणीने या मतावर कडक आक्षेप घेतला. ती म्हणाली, ‘सुताराने सुतारच राहावे, चांभाराने चांभार, असे सांगणाऱ्यांनी शतकानुशतके आपल्याला शाळेबाहेर ठेवले. आता तू त्याच धंद्याचे गोडवे गातेस?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या वडिलांनी सुतारकी निवडली नव्हती, ती त्यांच्या वाट्याला आली. आणि मला ती वाट्यालाही आली नाही, कारण मी मुलगी. ‘पोरीच्या हातात रंधा कशाला?’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून मी धंद्याला परत चला असे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, जातीने ज्या ज्ञानाला कुंपण घातले ते ज्ञान लिहून ठेवले तर कुंपण मोडते. लिहिलेले कोणालाही वाचता येते, मुलीलाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आता फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या, त्यांना दरवर्षी सांधे भरावे लागत नाहीत. कोळीबांधवांनी त्या घेतल्या तर त्यांचे काहीच चुकले नाही. लाकडी होडी टिकवण्याचे ओझे त्यांच्या पाठीवर का टाकावे? होडी जाईल तर जावो. पण पाणी कसे वाहून लावायचे, लाकूड कोणत्या दिशेने हलते, हे कळण्याची पद्धत तरी तिच्याबरोबर जाऊ नये.

आता एक कबुली. अकरावीच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ असे लिहिले होते. सुतार लिहायची लाज वाटली. मजुरीला निदान जात नसते, असे तेव्हा वाटले. यंदाच्या अर्जात मी ‘सुतार’ लिहिले. कारकुनाने वर पाहिलेसुद्धा नाही. पण मला तो शब्द लिहायला तीन वर्षे आणि एक होडी लागली.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र-प्रकल्पाला अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. त्यात आम्ही बहुधा ग्रंथालयातली माहिती पुन्हा उतरवून काढतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातील किंवा गावातील एक काम मापांसह, शब्दांसह, आकृत्यांसह लिहून आणावे. कोणाची आजी भाताचे वाण ओळखत असेल, कोणाचे वडील यंत्रमाग नुसत्या आवाजावरून दुरुस्त करत असतील. दरवर्षी असे चाळीस प्रकल्प आपल्या ग्रंथालयात जमले, तर दहा वर्षांत भिवंडी तालुक्याचा असा इतिहास तयार होईल जो आज कोणत्याही ग्रंथालयात नाही. आणि आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांना घरी जाऊन विचारण्याजोगा एक प्रश्न मिळेल. आज आम्ही जसजसे शिकतो तसतसे घरी बोलणे कमी होते. ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

डेक पूर्ण झाला त्या संध्याकाळी बाबांनी मला होडीत डेकखाली बसवले आणि वरून कळशीने पाणी ओतू लागले. मी अंधारात टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहत होते. सहाव्या कळशीला डाव्या बाजूच्या तिसऱ्या सांध्यातून एक थेंब पडला. मी ओरडून सांगितले. बाबांनी तिथे खूण केली, दुसऱ्या दिवशी ती वात उचकटून पुन्हा भरली. मग म्हणाले, ‘कुठं गळलं ते लिहून ठेव तुझ्या वहीत. आणि वाशांची मापं पण लिही. माझ्या डोक्यात किती दिवस राहतील?’

माझ्या वहीत आता पाच वाशांची मापे आहेत, एक वक्र आहे आणि गळलेल्या सांध्याची खूण आहे. ती वही कोणालाही पाहायला मिळेल. तुमच्या घरीही कोणीतरी एका टोकाला फळी धरून उभे असेल. दुसरे टोक धरायला कोणी आहे का, ते या सुट्टीत एकदा पाहा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा