ताठ रोपाचे श्रेय

उन्हाने मलूल झालेले रोपटे पाणी मिळताच पुन्हा ताठ उभे राहते. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याचे सारे श्रेय एकट्या पाण्याला देण्याची रीत सदोष होय.

वनस्पतीच्या पेशीतील रसात क्षार व शर्करा विरघळलेल्या असतात. त्यामुळे बाहेरील पाणी पातळ पटलातून आत शिरते; यालाच तर्षण म्हणतात. पेशी फुगू लागते, पण सभोवतालची चिवट भित्ती तिला आवरून धरते. या द्वंद्वातून उत्पन्न होणारा दाब पुष्कळदा मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहूनही अधिक असतो. भित्ती नसलेली तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुटते. वनस्पतीची पेशी तेथेच ताठ होते.

जर्मन शास्त्रज्ञ फेफर यांनी तर्षणदाबाची मोजमापे १८७७ साली प्रसिद्ध केली. त्यांच्याच आधारे व्हांट हॉफ यांनी द्रावणांचा सिद्धांत मांडला.

हे ज्ञान केवळ ग्रंथातले नव्हे. मुळाशी खताचा अतिरेक झाला, तर जमिनीतील द्रव पेशीरसाहून तीव्र होतो, पाणी उलट बाहेर पडते आणि ओल्या मातीतही रोप सुकते. तेव्हा आणखी खत घालणे म्हणजे हानी वाढविणेच होय.

म्हणून शाळांनी व्याख्या पाठ करवून थांबू नये. बटाट्याची एक फोड साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या पाण्यात काही तास ठेवावी. एक ताठ राहते, दुसरी लिबलिबीत होते. बोटांना उमगलेले हे सत्य विद्यार्थी शेतावरही विसरणार नाही.